शेराच्या जागी अडुळसा

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आम्ही रत्नागिरीत गावाच्या वरच्या अंगाला, कातळावर घर बांधलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि हे सरकारी कचेरीत कारकून. माझं माहेर कराडकडचं, काळ्या जमिनीतलं. तिकडे कुंपणाला म्हणून ठोकलेल्या खुंटालाही पालवी फुटायची. इथे घराभोवती जांभ्याचा काळपट दगड पसरलेला. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय टेकवत नसे.

झाड लावायचं तर आधी दगड फोडायचा. पहारीने एक खड्डा करायला गड्याला पुरा दिवस लागे. मग त्यात खालच्या भाताच्या मळ्यांतून आणलेली माती, शेणखत, कुजलेला पातेरा आणि मिरकरवाड्याहून आणलेली सुक्या मासळीची कुटी. कुटीचा वास आठवडाभर घरातून जात नसे. इतक्या खटपटीने केलेल्या खड्ड्यांत काय लावायचं, याचा विचार मात्र मी फारसा केला नाही. शाळेतल्या एका बाईंनी फांदी दिली म्हणून शेवगा लावला, रोपवाटिकेत सोनचाफा फुललेला दिसला म्हणून सोनचाफा घेतला. सगळ्यांकडे असतं म्हणून एक हापूसचं कलम आणलं आणि कोकणात घर म्हणून दोन माड.

कुंपणाचंही तसंच झालं. तीन बाजूंना दगडाचा गडगा रचून घेतला. चौथी, पूर्वेची बाजू शेजारच्या घराला लागून होती. तिथे काहीतरी हिरवं असावं असं मला वाटत होतं. गडी म्हणाला, "बाई, शेर लावा. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, कातळात जगतो." दुसऱ्या दिवशी तो शेराच्या फांद्यांचा भारा घेऊन आला. बिनपानांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, हिरव्यागार कांड्या. मोडली की दुधासारखा चीक गळायचा. लावताना त्याने बजावलं, "चीक वाईट हां. डोळ्यात गेला तर डोळा जातो. छाटायचा तेव्हा सकाळी छाटा, वारा पडलेला असताना." मी हो म्हटलं.

शेजारच्या घरात काका आणि काकू राहत. काका लांज्याला पोस्टमास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे घर बांधलं. दोन्ही मुलगे मुंबईला. आमच्या आधी दोनच वर्षं ते इथे आले होते, पण त्यांच्या परसात गेलं की खाली कातळ आहे हे विसरायला होई. जाई, जुई, कुसरी, मांडवावर पडवळ, कोपऱ्यात केळीचं बेट, दाराशी अनंत. शेर लावला तेव्हा काका ओट्यावरून बघत होते.

"शेरच लावणार?" एवढंच त्यांनी विचारलं.

"गडी म्हणाला चांगला आहे."

"कुंपण म्हणून चांगलाच आहे," असं म्हणून ते आत गेले.

दोन पावसाळ्यांत शेर डोक्याच्या वर गेला. काकांनी त्यांच्या बाजूने त्यावर कृष्णकमळाचा वेल सोडला. फुलं आमच्याकडे जास्त यायची. मला ते फार आवडायचं. काकू कुंपणापाशी येऊन विचारायच्या, "आज किती फुलली गो तुझ्याकडे?" आणि मी मोजून सांगायची.

तिसऱ्या वर्षी शेर फारच माजला. फांद्या दोन्हीकडे झुकल्या, आमच्या धुण्याच्या दोरीला लागायला लागल्या. ह्यांनी दोन-तीनदा सांगितलं की गडी येईल तेव्हा छाटून घेऊ. गडी गावाला गेला होता, परत कधी येईल याचा पत्ता नव्हता. माघातला एक शनिवार. सकाळची शाळा करून मी घरी आले, जेवले, थोडी आडवी झाले आणि उठल्यावर वाटलं, आपणच छाटून टाकू. साडेतीन-चार झाले असतील. त्या वेळी समुद्राकडून वारा सुटतो. रोज सुटतो आणि मला ते माहीत होतं. गड्याचं बोलणंही माझ्या लक्षात होतं, म्हणून तर मी ह्यांचा स्कूटरवर लावायचा गॉगल घातला, तोंडाभोवती पदर घट्ट बांधला, ह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवला आणि कोयती घेतली.

पाच-सहा फांद्या छाटल्या असतील. वारा माझ्या पाठीमागून येत होता, त्यामुळे माझ्या अंगावर एक थेंब उडत नव्हता. मला बरंच वाटत होतं. पलीकडून काकांचा आवाज आला, "अगो, जरा थांब, माझा वेल सोडवून घेतो." तो मी ऐकला, पण कोयती तोवर उचललेली होती. ती मी खाली आणली. फांदी तुटली आणि पलीकडे काका ओरडले.

मी कोयती टाकून फाटकातून पलीकडे धावले. काका दोन्ही हातांनी डोळे चोळत होते. चीक एका डोळ्यात उडाला होता. हातांना लागलेला चोळण्याने दुसऱ्यात गेला. काकू घरातून धावत आल्या, त्यांच्या हातात दुधाचं भांडं होतं. डोळ्यात दूध घालतात, असं त्यांना कुणीतरी कधी सांगितलेलं असावं. काका म्हणाले, "दूध नको. पाणी आण. नुसतं पाणी. खूप आण."

विहीर त्यांच्या परसातच होती. मी कळशी काढली, काकांना पायरीवर बसवलं, मान मागे केली आणि पाणी ओतत राहिले. ते पापणी उघडायला बघायचे आणि उघडता येत नसे. मग काकूंनीच त्यांची पापणी बोटांनी धरून ठेवली. किती कळशा ओतल्या, मोजल्या नाहीत. कपडे, पायरी, अनंताचं आळं, सगळं भिजून गेलं. काका ओरडत नव्हते. दात घट्ट आवळून बसले होते आणि अधूनमधून म्हणत, "अजून ओत."

तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे पाहिलं. गॉगल मी कपाळावर सरकवलेला होता.

"स्वतःचे डोळे मात्र झाकलेत तुम्ही," त्या म्हणाल्या.

त्याआधी त्या मला कधी तुम्ही म्हणाल्या नव्हत्या.

ह्यांनी नाक्यावरून रिक्षा आणली आणि तिच्यातून काका, काकू आणि मी गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा धुतलं, मलम भरलं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. बुबुळावर भाजल्यासारखं झालंय, म्हणाले. बरं वाटेल बहुतेक, पण आठ दिवस काही सांगता येणार नाही. पाणी ओतलंत ते बरं केलंत, असंही म्हणाले. ते ऐकून मला रडू आलं, कारण ते माझं कौतुक करत होते आणि खोलीत चौघांपैकी तिघांना माहीत होतं की चीक कुणी उडवला.

घरी आल्यावर मी राहून राहून एकाच गोष्टीपाशी येत होते. गॉगल घातला, पदर बांधला, शर्ट चढवला, म्हणजे चीक उडतो हे मला पक्कं ठाऊक होतं. तो उडून कुठे जाईल हे मनात आलं नाही. पलीकडे माणसं राहतात, त्यांचा वेल त्या कुंपणावर आहे, ते रोज तिथे उभे असतात, हे सगळं मी रोज बघत होते.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. काकू आत होत्या. मी म्हटलं, "काका, मी आल्ये." काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं काही आठवलं नाही. कसंबसं म्हटलं, "माझं चुकलं."

"चुकलं खरं," काका म्हणाले. "माझंही चुकलं. छाटणी चालली असताना मी हात घालायला नको होता." मग म्हणाले, "आता एक काम करशील? आज शिंपण झालेलं नाही. तिला कंबरेमुळे कळशी उचलवत नाही."

तो रविवार आणि पुढचे बारा-तेरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या परसात पाणी घातलं. काका ओट्यावरून सांगत आणि मी करत असे. डोळे बांधलेल्या माणसाला आपल्या बागेतलं झाड न् झाड कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि मला डोळे उघडे असून जाई कुठली आणि जुई कुठली हे पानांवरून ओळखता येत नव्हतं.

"ओट्यापासून सरळ दहा पावलं, डावीकडे कुसरी. तिला पाणी नको. ती रानातली, तिला एवढे लाड सोसत नाहीत. पुढे जाई. जाईला दोन तांबे, बुंध्यात नको, बाजूने फिरवून घाल."

पाणी बुंध्यात का नको, हे मी विचारलं. "खाणारी मुळं बुंध्याशी नसतात. ती लांब गेलेली असतात," काका म्हणाले. मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या सगळ्या झाडांची आळी मोठी केली. तीन वर्षं मी प्रत्येक झाडाच्या अगदी पायाशी पाणी ओतत आले होते.

काकू या सगळ्यात माझ्याशी बोलत नसत. कळशी विहिरीच्या काठावर आधीच काढून ठेवलेली असे, दोर गुंडाळलेला असे. माझी चाहूल लागली की त्या आत जात. चहा कधी विचारला नाही. एकदा मी केळीला पाणी घालत होते तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि हाताने फक्त दाखवलं की पलीकडच्या रोपाला राहिलंय. मी घातलं. त्या गेल्या.

चौथ्या दिवशी काकांनी जाई छाटायला सांगितली. कात्री हातात धरायची मला भीती वाटत होती. मी म्हटलं, "काका, हे तुम्ही बरे झालात की करा."

"तोवर उन्हं चढतील. आत्ताच छाटायला हवी. चीक नाही तिला, घाबरू नको." मग त्यांनी खुर्ची वेलाशेजारी न्यायला सांगितली. मी एकेक फांदी त्यांच्या हातात द्यायची, ते बोटांनी चाचपायचे. "ही बघ, ही वाळकी, हाताला खरखरीत लागते. ही काढ. ही कोवळी, नुसती वर पळालेली, हिला निम्मी कर. डोळ्याच्या वर, तिरकी काप." डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब फुटायची जागा. तो शब्द त्यांनी सहज वापरला आणि मी कात्री धरून नुसती उभी राहिले. काकांच्या ते लक्षात आलं असावं. "काप काप," ते म्हणाले, "वेल तुझी वाट बघत थांबणार नाही."

त्याच आठवड्यात माझ्या हापूसचं प्रकरण उघडकीला आलं. बोलता बोलता मी कौतुकाने सांगितलं की माझं कलम केवढं जोरात वाढलंय, छातीपर्यंत आलंय. काकांनी विचारलं, "फूट जोडाच्या वरची आहे की खालची?"

मला जोड म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं, की खाली साध्या आंब्याचं रोप असतं, त्यावर हापूसची काडी बांधलेली असते, आणि खालच्या रोपाला जी फूट येते ती वेळच्या वेळी खुडायची असते. मी घरी जाऊन खाली वाकून बघितलं. बुंध्यावर वीतभर उंचीवर एक गाठ होती. गाठीच्या वर एक वाळलेली, बोटाएवढी काटकी. आणि गाठीच्या खालून फुटलेल्या तीन दणकट फांद्या, ज्यांना मी तीन वर्षं मासळीचं खत घालत होते.

काकांना येऊन सांगितलं. पट्ट्या बांधल्यापासून त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे हापूस मेला आणि रायवळ वाढला. ठेव हवा तर, लोणच्याला होईल." आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. काकू ऐकत होत्या.

नवव्या दिवशी पट्ट्या निघाल्या. उजवा डोळा साफ झाला होता. डाव्याला सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. ते धुकं दोन-तीन महिन्यांत विरळ होत गेलं, पण पूर्ण गेलं नाही. वर्तमानपत्र वाचताना काका मान थोडी डावीकडे वळवून धरत, ती सवय त्यांना कायमची लागली. मी समोर असले की ते तसं करायचं टाळायचे. ते मला दिसायचं.

शेर काढायचा हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काढ. पण आधी काय लावायचं ते ठरव. गेल्या वेळी उलटं झालं." मग आम्ही एक संध्याकाळ त्यावर बोललो. मला मेंदी हवी होती, शाळेच्या कुंपणाला होती तशी, सरळ कापलेली. काका म्हणाले, मेंदी छान, पण पहिली दोन वर्षं पाणी मागेल आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी नाही. जास्वंद गुरं ठेवणार नाहीत. करवंदाला काटे, आणि ती कापायला तुलाच जड जाईल. शेवटी अडुळसा ठरला. गुरं खात नाहीत, फांदीवर येतो, पहिल्या वर्षी थोडं पाणी दिलं की पुढे आपला आपण राहतो, आणि पानं खोकल्याला होतात.

गडी गावाहून आला. झालेलं कळल्यावर तो शेर काढायला दोन दिवस सकाळी उजाडता उजाडता यायचा आणि वारा सुटायच्या आत जायचा. आधी त्याने काकांच्या घरी जाऊन सांगितलं, खिडक्या लावून घ्या. तोडलेला शेर त्याने विहिरीपासून लांब नेऊन जुन्या चिरेखाणीत टाकला. मुळं खणून काढायला पुढे मे महिना उजाडला. कृष्णकमळाला काकांनी बांबूचा मांडव करून दिला.

मधले तीन महिने दोन्ही घरांमध्ये काही नव्हतं. माडाचे झाप उभे करून बांधले, ते वाऱ्याने आडवे व्हायचे. एका दुपारी दोन म्हशी आमच्या बाजूने शिरल्या आणि काकूंची माठाची भाजी आणि तीन केळी चावून गेल्या. मी शाळेतून आले तर काकू तुडवलेल्या वाफ्यात उभ्या होत्या. मला वाटलं, आता काय ते ऐकवतील. त्या म्हणाल्या, "झाप नुसते बांधून भागत नाही. मागून काठी आडवी लावायला हवी. तुमच्याकडे काथ्या आहे?" माझ्याकडे होता. आम्ही दोघींनी मिळून सगळे झाप पुन्हा बांधले. दोर कुठे धरायचा, कुठे आवळायचा, एवढंच बोलणं झालं.

जूनमध्ये जमीन पुरेशी ओली झाल्यावर अडुळसा लावला. काकांनी फांद्या स्वतः निवडल्या, अंगठ्याएवढ्या जाड, वीतभर लांब. दोन गाठी मातीत, दोन वर, जरा कलत्या. एका ओळीत नाही, दोन ओळींत, एकीच्या फटीसमोर दुसरीची फांदी. मी एका बाजूने लावत आले आणि दुसऱ्या बाजूने काकू. कंबर दुखत असून त्या पाटावर बसून, पाट सरकवत लावत होत्या. मधोमध आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्याकडच्या जास्त तिरक्या झाल्यात गो." मी पुन्हा नीट लावल्या.

त्यांनी मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी अडुळसा गुडघ्याच्या वर आला तेव्हा काकांनी तो निम्म्याने कापायला लावला. माझं मन होईना. एवढं जगवलेलं. "आत्ता कापलास तर खालून दाट होईल," ते म्हणाले. "नाहीतर वर छत्री आणि खाली नुसत्या काठ्या. म्हैस खालूनच येते." मी कापला. सकाळी, वारा नसताना, आणि पलीकडे हाक मारून, जरी अडुळशाला चीक नसतो. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि पाऊस संपल्यावर, मी तो कापत आले. खाली रुंद, वर निमुळता, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. दोन वर्षांत त्यातून मांजरही सरळ जाईना.

त्याच सुमारास एका सकाळी काकू कुंपणाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या परसात पश्चिमेच्या कोपऱ्यात जागा आहे ना मोकळी? मला बकुळ लावायची आहे."

"तुमच्याकडे का नाही?"

"ह्यांना विचारलं. म्हणे, फार मोठी होते, मुळं विहिरीत जातील, आणि फुलायला आठ-दहा वर्षं घेईल, तोवर आपण कुठे. मी सांगत्ये, फुलेल तेव्हा फुलेल. मला लावायची आहे."

मी त्यांना आमच्या बाजूला घेऊन आले. कोपरा दाखवला. आता मलाही थोडं कळत होतं. वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघितलं, घराचं अंतर पावलांनी मोजलं, विहीर लांब होती. म्हटलं, इथे चालेल, फक्त खड्डा मोठा करावा लागेल. काकूंनी जागेवर उभं राहून वर बघितलं, मग पुन्हा दोन पावलं गडग्याकडे सरकल्या.

"इथे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझं घर आड येणार नाही, माझ्या खिडकीतून दिसेल."

मी म्हटलं, गडग्याच्या फार जवळ होईल, दगड ढासळतील. त्या म्हणाल्या, ढासळले तर रचता येतात. शेवटी मी म्हणत होते त्यापासून एक पाऊल आणि त्या म्हणत होत्या त्यापासून एक पाऊल, अशा मधल्या जागी मी चुन्याची खूण केली आणि पुढच्या रविवारी गड्याला बोलावलं.